बुडाचा ठसा न पाहता केलेले मूल्यांकन: तक्रार व शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन जर्मन बिअर स्टाईनच्या चुकीच्या मूल्यांकन अहवालाबाबत

महोदय,

माझे काका नोकरीनिमित्त पश्चिम जर्मनीत होते. तिथे त्यांनी घेतलेले दोन बिअर स्टाईन, म्हणजे बिअर पिण्याचे झाकणाचे जर्मन मग, ओळख पटवून किंमत ठरवण्यासाठी मी आपल्या पुण्यातील कार्यालयात दिले आणि ३,५०० रुपये आगाऊ भरले. आपला अहवाल दोन्हींबाबत साफ चुकला आहे. दोन्ही मगांची बुडे नीट पाहिली असती तरी हे टळले असते.

अर्ध्या लिटरच्या करड्या मगाची नोंद ‘शोभेची वस्तू, १९६० नंतरची, उत्पादक अज्ञात’ अशी आहे. किंमत १,२०० रुपये. उत्पादक अज्ञात कसा? बुडाला मनोऱ्याचा ठसा मातीत दाबलेला आहे आणि ठशातच ‘मेटलाख’ हे नाव आहे. सार नदीकाठच्या मेटलाख गावातला बेनेडिक्टाइन मठ १८०९ साली झां-फ्रांस्वा बॉख यांनी विकत घेऊन तिथे कारखाना काढला. पुढे तो विलेरॉय अँड बॉख या चिनीमातीच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा झाला, आणि ठशातला मनोरा त्याच मठाचा. शेजारी चार आकडी नमुना क्रमांक आहे आणि वेगळा दाबलेला ‘०२’, म्हणजे १९०२ साल. चित्रातल्या काळ्या रेषांवरून नख फिरवा, ते रेषेत अडकते, म्हणजे चित्र कोरीव आहे. वरून छापलेल्या चित्रावर ते सरळ घसरले असते. याच्या झाकणातल्या चित्रफलकाला केसाएवढी चीर आहे. तिने किंमत खाली येते, तरी अहवालात तिचा उल्लेखच नाही.

दुसरा मग पोर्सेलिनचा, सैनिकी. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळात लष्करी सेवा संपवून घरी परतणारे शिपाई आठवण म्हणून असे मग करून घेत. त्यावर शिपायाचे नाव, पलटण, सेवेची वर्षे आणि सोबत्यांची नावे रंगवलेली असत. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० च्या दशकापासून, त्यांच्या नकला भरपूर निघाल्या. काकांचा मग त्यातलाच. तो उजेडासमोर धरून आत पाहिले की बुडाच्या पातळ पोर्सेलिनमध्ये विवस्त्र स्त्रीचे चित्र उमटते. नकलेची ही खूण संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. आपण मात्र वर रंगवलेला १९०८ चा आकडा वाचून त्याला ‘अस्सल’ ठरवले आणि ४५,००० रुपये किंमत लावली. ही फुगवलेली किंमत मला नको आहे. या अहवालाच्या भरवशावर मी तो कुणाला विकला, तर फसवणुकीचा ठपका माझ्यावर येईल.

सर्वांत गंभीर बाब पुढची. अहवालाच्या ईमेलमध्येच आपण ‘शोभेचा’ मग १,२०० रुपयांना विकत घेण्याची तयारी दाखवली आहे. आपल्याच म्हणण्यानुसार ४५,००० रुपयांचा असलेला मग मात्र आपल्याला नको आहे. ज्याने किंमत ठरवायची त्यानेच त्या किमतीला वस्तू मागायची, हा व्यवहार मला मुळीच मान्य नाही. एखाद्या गरजू माणसाने त्या ईमेलला होकार दिला असता, तर त्याची वस्तू कवडीमोलाने गेली असती. लावलेली किंमत लिलावाची, दुकानातली की विम्यासाठीची, हेही अहवालात कुठे नाही.

शिवाय झाकणे पॉलिश करून चकचकीत ठेवण्याचा सल्ला आपण दिला आहे. प्यूटरवर, म्हणजे झाकणाच्या कथिलमिश्रित धातूवर, शंभर वर्षांत चढलेली करडी छटा एकदा घासून काढली की परत यायला कित्येक वर्षे लागतात, आणि संग्राहकांना तीच हवी असते. हा सल्ला कृपया कोणत्याही ग्राहकाला देऊ नये.

माझी मागणी अशी: भरलेले शुल्क १५ दिवसांत परत करावे, दोन्ही मगांबाबतचा अहवाल चुकीचा असल्याचे लेखी कळवून तो मागे घ्यावा, आणि खरेदीचा प्रस्ताव कोणाच्या सांगण्यावरून पाठवला याचा खुलासा करावा. जर्मन स्टाईन ओळखणारा माणूस आपल्याकडे नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मी फेरतपासणी दुसरीकडे करून घेईन. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत पावती, अहवाल, आपला ईमेल आणि दोन्ही मगांच्या बुडाची छायाचित्रे जोडली आहेत.

कळावे,
आपली ग्राहक