अखंड सायकल नको, जोडीची शर्यत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मैदानात चुन्याने रिंगण आखायचे, कुणीतरी चार-पाच दिवस खाली न उतरता सायकल फिरवायची, त्यावरच जेवण, त्यावरच आंघोळ आणि शेवटी हारतुरे. हा खेळ जुन्या मंडळींनी गावोगावी पाहिला आहे. कोल्हापुरात सायकलवाले वाढले तशी ‘अखंड सायकलिंग’ची टूम पुन्हा निघू लागली आहे आणि तिच्या बाजूने परदेशातल्या ‘सिक्स डे’ (सहा दिवस चालणाऱ्या) सायकल शर्यतींचा दाखला दिला जातो. हा दाखला चुकीचा आहे. एकट्याने रात्रंदिवस सायकल मारण्याचा प्रकार त्या शर्यतींतून सव्वाशे वर्षांपूर्वीच मोडीत निघाला.

सुरुवात १८७८ ची. लंडनच्या इझ्लिंग्टन भागातल्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटनने सहा दिवसांत १,००० मैल कापण्याची पैज मारली आणि जिंकली. दिवस सहाच, कारण रविवारी खेळतमाशे चालत नसत. १८९१ मध्ये ही शर्यत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात पोहोचली आणि तिथे तिचे हाल झाले. जो कमी झोपेल तो पुढे, एवढाच हिशेब उरला. १८९६ मध्ये टेडी हेलने १,९१० मैल मारले, पुढच्या वर्षी चार्ल्स मिलरने २,०९३. म्हणजे दिवसाला सरासरी साडेतीनशे मैल! १८९६ च्याच शर्यतीत अवघ्या १८ वर्षांच्या मेजर टेलरला (‘मेजर’ हे टोपणनाव, हुद्दा नव्हे) कुणी सुरा घेऊन मागे लागल्याचा भास होऊ लागला होता. (हाच टेलर १८९९ मध्ये स्प्रिंटचा, म्हणजे छोट्या अंतराच्या वेगाच्या शर्यतीचा, जगज्जेता झाला. म्हणजे कच्चा गडी नव्हता.) झोप तुटली की आधी नजर फसते, मग तोल जातो.

अखेर १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कायदाच आला : एका स्वाराने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही. आयोजकांना तर चोवीस तासांची तिकिटे विकायची होती. त्यांनी दोघांची जोडी केली. १८९९ मध्ये मिलर आणि फ्रँक वॉलर या जोडीने २,७३३ मैल काढले. एकट्या मिलरपेक्षा ६४० मैल जास्त, तेही प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १,३६६ मैल येऊन. विश्रांती दिली तर शर्यत वेगवान होते, हे इथेच सिद्ध झाले. याच पद्धतीतून त्या क्रीडागृहाच्या नावाची ‘मॅडिसन’ ही जोडीची शर्यत घडली. पुढे बर्लिन (१९०९), पॅरिस, बेल्जियममधले गेंट इथे सिक्स डे रुजली आणि बेल्जियमच्याच पॅट्रिक सेर्क्यूने अशा ८८ शर्यती जिंकल्या. आज ती संध्याकाळच्या काही तासांपुरती उरली आहे आणि रात्री सगळे घरी झोपतात.

काही जण मॅडिसनला रिले म्हणतात, तेही बरोबर नाही. जोडीतले दोघेही ट्रॅकवरच असतात. हा ट्रॅक सपाट नसतो, बशीसारखा बाहेरून उंच असतो. एक खाली शर्यतीत, दुसरा वर उताराच्या कडेने सावकाश फिरत दम खातो. जोडीदार मागून जवळ येताना दिसला की वरचा स्वार खाली उतरत वेग घेतो आणि डावा हात मागे धरतो. खालचा उजव्या हाताने तो पकडून त्याला पुढे झोकून देतो, म्हणजे स्वतःचा वेग त्याच्या हाती सोपवतो. बिघडते ते इथेच. वरच्याने वेग उशिरा घेतला तर खांद्याला हिसका बसतो आणि झोक वाया जातो. झोकून झाल्यावर मागे न पाहता खालचा लगेच वर चढला, तर मागून येणारे त्याच्यावर आदळतात. त्या क्षणी दोघांचाही एकच हात हँडलवर असतो. सायकलला ब्रेक नाहीत, फ्रीव्हील नाही, पायडल थांबवता येत नाही. गेंटच्या ट्रॅकची एक फेरी १६६.६६ मीटरची, म्हणजे सहा फेऱ्यांचा किलोमीटर. त्यामुळे अशी अदलाबदल तिथे सारखी चालू असते. २००६ मध्ये तिथेच इसाक गाल्वेस हा जगज्जेता स्वार पडून दगावला.

म्हणून आपल्याकडे सपाट मैदानावर हाताने झोकणे अजिबात नको. आमची सूचना साधी आहे. पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर, सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी तीन तास शर्यत ठेवा. जोड्या आठ ते दहाच घ्या. साध्या ब्रेकच्या, फ्रीव्हीलच्या सायकली चालतील. बदली आखलेल्या २० मीटरच्या पट्ट्यातच, पाठीला हात लावून व्हावी. दम खाणाऱ्यांसाठी बाहेरून वेगळी पट्टी आखावी. वळणावर खडी किंवा माती राहिली की चाक सरकतेच, म्हणून रोज सुरुवातीआधी झाडून घ्यावे. हेल्मेटशिवाय कुणालाही आत सोडू नये.

निकाल आधी फेऱ्यांवर लावावा. फेऱ्या सारख्या झाल्या तरच गुण पाहावेत. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट ठेवून पहिल्या चौघांना ५, ३, २, १ असे गुण द्यावेत, शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट. भांडणे मात्र गुणांवरून होत नाहीत, फेऱ्यांवरून होतात. एका जोडीने पुढे निघून घोळक्याला पुन्हा मागून गाठले आणि एक फेरी वाढवली की काही मिनिटांत कोण पुढे, कोण मागे हे मैदानावर कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक जोडीमागे दोन मोजणीदार बसवावेत. दोघांचे कागद वेगळे असावेत आणि दर अर्ध्या तासाने ते पंचांसमोर ताडून पाहावेत.

आपले,
काही ट्रॅक सायकलपटू व प्रशिक्षक,
कोल्हापूर