पुण्याला न जाण्याविषयी

राहुरी, रविवार

तीर्थरूप आई-अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांचा आवाज ऐकला की ओठांवर आलेले शब्द मागे फिरतात, म्हणून लिहीत आहे. पुण्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासला मी नाव घातलेले नाही. वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. करायचे ठरवून प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, ही माझी चूक आहे. मात्र निर्णय सहा महिने विचार करून घेतला आहे, कुणाच्या नादाने नाही आणि धाकट्या मामाच्या वेळी झाले तसे घाबरूनही नाही.

आमच्या वसतिगृहात यश म्हणजे पोस्ट. पोस्ट निघाली की गावात गुलाल, वेशीवर फलक, आई-वडिलांचा सत्कार. अण्णा, तो सत्कार तुमच्या वाट्याला यावा असे मलाही फार वाटत होते, आणि तो मी हिरावून घेत आहे या विचाराने कित्येक रात्री झोप लागलेली नाही. परंतु डिसेंबरात एका ताईंच्या संशोधनाला मदत म्हणून मी ज्वारीच्या प्लॉटवर जाऊ लागले. कणसातल्या एकेका इवल्या फुलातले तिन्ही पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे, कागदी पिशवी बांधायची आणि फूल उमलले की सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर टाकायचे. पाठ मोडून जाई, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच बांधावर उभी असे.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या भाकरीला आणि कडब्याला तोड नाही, पण दाणा भरताना जमिनीतली ओल तुटली की खडखड्या रोग येतो आणि उभे पीक आडवे होते. चिंचेखालच्या तुकड्यातले पीक असेच गेले त्या रात्री अण्णा न जेवता अंगणात बसून राहिले होते, ते मी विसरलेले नाही. भाकरी आणि कडबा तसाच ठेवून ताठ उभे राहील असे वाण काढण्याच्या कामात आपला हात लागावा, याला मी माझे यश मानते. एका वाणाला आठ-दहा वर्षे सहज लागतात आणि इतके करूनही ते हाती येईलच असे नाही, हे ठाऊक असूनच हे लिहिते आहे.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. मेसमध्ये आठवड्यातून दोनदा भाकरी असते, शेंगाची चटणी अजून अर्धा डबा आहे आणि तू दिलेली गोधडी पुरेशी उबदार आहे. काल प्लॉटजवळ कुणीतरी आगटी पेटवली होती. त्या धुराच्या वासाने तू कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, गरम हुरडा आधी माझ्या तोंडात घालायचीस ते आठवले आणि तिथेच डोळे भरून आले. असा हुरडा मला अजून कुणी दिलेला नाही.

आता माझे ऐका. क्लाससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून अण्णांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन याच महिन्यात उरकून घ्या, पुढच्या हंगामावर ढकलू नका. तोवर अंधार पडल्यावर मोटारसायकल काढायची नाही. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. आईने ज्वारी उपटायला वाकायचे नाही. दोन मजूर जास्त लावा, पैसे गेले तरी चालतील. रागावून लिहीत नाही, दुरून दुसरे काही करता येत नाही म्हणून लिहिते.

अण्णा, मळणीआधी तुम्ही दरवर्षी भरदार कणसे निवडून बियाण्यासाठी तुळईला टांगता. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ हे वाण निवडले गेले, त्याचा धडा वर्गात शिकताना मला तुमचीच बोटे दिसत होती. मी शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघते आहे. तोपर्यंत कणसे निवडू नका. या वेळी आपण दोघे मिळून निवडू, आणि माझ्यावर जे रागवायचे ते तेव्हा समोरच रागवा.

तुमची,
छकुली