उताऱ्यावर बोट ठेवायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात स्पर्धा परीक्षांच्या पानावर गेल्या आठवड्यात एक सल्ला छापून आला : ‘आधी प्रश्न वाचा, पर्यायांतले शब्द उताऱ्यात शोधा, वेळ वाचवा.’ तो मोठ्या उमेदवारांसाठी लिहिलेला असेल. पण आमच्या अमळनेर तालुक्यात हे पान पाचवीच्या मुलांचे पालक कापून ठेवतात, क्लासवाले त्याच्या झेरॉक्स वाटतात, आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसलेली दहा वर्षांची पोरं उतारा न वाचताच उत्तरं धुंडाळायला लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरच्या ओट्यावर अशा मुलांची तयारी करून घेते. त्यामुळे गप्प राहवेना.

नवोदयच्या भाषा विभागात चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न आणि वेळ अर्धा तास. म्हणजे एका उताऱ्याला सात-साडेसात मिनिटं मिळतात. उतारा लहानच असतो. पाचवीच्या मुलाने तो सावकाश, मन लावून वाचला तरी वेळ उरतो. मग वाचवायचं काय? शिवाय पर्याय काढणारा काही खुळा नसतो. चुकीच्या पर्यायात तो मुद्दाम उताऱ्यातलेच शब्द घालतो आणि बरोबर उत्तर वेगळ्या शब्दांत मांडतो. शब्द शोधत फिरणारं मूल नेमकं तिथे सापडतं.

सरावासाठी मी स्वतःच उतारे लिहिते. त्यातला एक रावेर-यावलकडच्या केळीचा. ‘कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात.’ प्रश्न : शेतकरी धूर का करतात? पर्याय : (१) कीड-डास पळवण्यासाठी (२) पानं पिवळी पडावीत म्हणून (३) बागेत ऊब राहावी म्हणून (४) काडीकचरा संपवण्यासाठी.

क्लासची युक्ती शिकून आलेली मुलं धडाधड दोन नंबर करतात, कारण ‘पानं पिवळी’ हे शब्द उताऱ्यात जसेच्या तसे दिसतात. पर्यायात ‘पडावीत’ आहे हे त्यांच्या नजरेतून सुटतं. एका हुशार मुलाने एक नंबर केला. विचारलं तर म्हणाला, “बाई, आमना गोठामा मच्छरसाठे धूर करतस.” त्याचं म्हणणं खरंच आहे. पण उताऱ्यात गोठा नाही आणि मच्छरही नाहीत. ‘ऊब’ हा शब्दही उताऱ्यात कुठेच नाही, तरी उत्तर तेच. ते ‘थंडी’ आणि ‘म्हणून’ यांच्या मधोमध बसलेलं आहे.

म्हणून माझ्याकडे नियम एकच : उत्तर सांगायचं तर उताऱ्यावर बोट ठेवायचं. कुठल्या ओळीतून काढलंस, दाखव. दोन ओळी जोडून काढलं असेल तर दोन बोटं. बोट ठेवता येत नसेल तर उत्तर घरातून आणलं आहे, उताऱ्यातून नाही. तसंच, मुलांना ‘महत्त्वाचे शब्द अधोरेखित करा’ सांगितलं की ती गावांची नावं आणि आकडे रंगवून ठेवतात. माझ्या मते खूण करायची ती ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘तरीही’, ‘मात्र’ यांना. उतारा वळतो तो यांच्यापाशी आणि बहुतेक प्रश्नही तिथूनच निघतात.

दुसरी मोठी गळती ‘नाही’ची. ‘खालीलपैकी कोणते विधान उताऱ्याशी सुसंगत नाही?’ आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाला येतो आणि घाईतलं मूल ‘सुसंगत’पाशीच थांबतं. पहिलाच पर्याय खरा दिसला की उत्तरपत्रिकेतला गोळा काळा! अशा प्रश्नात ‘नाही’भोवती आधी गोल करायचा आणि प्रत्येक पर्यायापुढे खरं-खोटं लिहायचं. एवढं केलं तरी पुष्कळ गुण वाचतात.

बाकीचं थोडक्यात. शीर्षकाचा प्रश्न शेवटी सोडवावा; एकाच परिच्छेदाला लागू पडणारं शीर्षक अपुरं आणि कुठल्याही उताऱ्याला चालेल असं शीर्षक फार सैल. शब्दाचा अर्थ विचारला तर प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात बसवून वाचावा, शब्दकोशातला अर्थ तिथे कामाचा नाही. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीच’ असलेल्या पर्यायाकडे दोनदा बघावं, पण तो चूकच असतो असं धरू नये. हीसुद्धा क्लासवाल्यांनी पसरवलेली एक अंधश्रद्धा आहे.

आणि कृपया सगळ्या परीक्षा एका पारड्यात तोलू नका. नवोदयला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. राज्यसेवा पूर्व परीक्षेत चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो. तिथे अंदाज जपून. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. एक उत्तर सापडल्यावर पुढचे पर्याय न वाचणाऱ्याचं तिथे नुकसान होतं. मोठ्यांच्या परीक्षेत, उतारा पानभर लांब असेल तर, आधी प्रश्नांवर नजर टाकायला माझी हरकत नाही. तरी फक्त प्रश्न वाचावेत, पर्याय नव्हे. पर्याय आधी वाचले की तीन खोट्या गोष्टी डोक्यात घेऊन माणूस उताऱ्यात शिरतो.

आमच्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात, गल्लीत सगळा व्यवहार अहिराणीत, आणि पुस्तकी मराठीची लांब वाक्यं फक्त शाळेत. मूल हुशार असतं, पण तीन ओळींचं वाक्य संपेपर्यंत त्याचा कर्ता हरवतो. यावर युक्ती चालत नाही. रोज एखादी बातमी मोठ्याने वाचायची आणि मग आपल्या बोलीत आजीला सांगायची, एवढंच मी करून घेते. आजीने उलट प्रश्न विचारले तर फारच छान.

एक विनंती आहे. आपण सराव उतारे छापता आणि उत्तरसूचीत नुसते क्रमांक देता : १-३, २-१, ३-४. त्यातून मूल काय शिकणार? आठवड्याला एकच उतारा छापा, पण प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराची ओळ कुठली आणि उरलेले तीन पर्याय का बाद, हे दोन-दोन ओळींत द्या. जागा कमी पडत असेल तर त्याच पानावरची ‘यशाची सूत्रे’ची चौकट काढली तरी चालेल. उतारे मी विनामूल्य लिहून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव