ताई, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा माझा आंधळा विश्वास उडवल्याबद्दल थँक्यू

ताई,

हे तुला फोनवर सांगायला गेलो असतो तर तू "बरं बरं, पुढच्या ऑर्डरचं बोल" म्हणून विषयच बदलला असतास, म्हणून सरळ सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचावंच लागेल.

आपल्या लग्नाच्या टीममध्ये दोन पार्ट्या होत्या ते तुला माहितीच आहे. एकजण म्हणायचा पिक्चर स्टाइलमध्ये (कॅमेऱ्यातले रंग-कॉन्ट्रास्टचे तयार साचे) सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, चढवून ठेव नाहीतर शालूचा लाल येत नाही, दुसरा म्हणायचा अरे रॉ (सेन्सरवरचा कच्चा डेटा) शूट करतोयस ना मग काय पण ठेव, काय फरक पडत नाय. मी मधल्यामध्ये, ज्याची बॅग उचलायची त्या दिवशी त्याचं ऐकायचो. तू मात्र वाद घातला नाहीस, सकाळी दादरच्या फूल मार्केटला ये म्हणालीस, कॅमेरा आण आणि लॅपटॉप पण आण. एवढंच.

तिथे पुलाखाली बल्बच्या उजेडात झेंडूचे ढीग, माणसांची ये-जा, पाठीवर टोपल्या, आणि तू मला मॅन्युअल मोडवर एकच फ्रेम परत परत काढायला लावलीस. शटर तेच, अ‍ॅपर्चर तेच, आयएसओ तोच, फक्त पिक्चर स्टाइल बदल. स्टँडर्ड, मग न्यूट्रल, मग मोनोक्रोम. मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं सेटिंग) टंगस्टन म्हणजे बल्बवालं, मग डेलाइट. फुलवाले हसत होते, ह्याला एकच हार एवढा काय आवडला म्हणून. मग चहाच्या टपरीवर बसून लाइटरूम ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि मोनोक्रोमवाला फोटो आधी काळा-पांढरा दिसला आणि बघता बघता केशरी झाला! आधी दिसला तो रॉ नव्हताच, रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने स्वतः बनवून ठेवलेला छोटा जेपीईजी होता, आणि मागच्या स्क्रीनवर पण आपण तोच बघत असतो. व्हाइट बॅलन्स सारखा केला तर सगळ्या फायली डिट्टो.

तेव्हा तू जे शिंप्याचं बोललीस ते मी आता सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगतो (सॉरी). रॉ म्हणजे कापड आणि पिक्चर स्टाइल, व्हाइट बॅलन्स, शार्पनेस, रंगांची मर्यादा ठरवणारं एसआरजीबी का अ‍ॅडोबी आरजीबी हे सगळं म्हणजे कापडाला टाचलेली चिठ्ठी. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर डिजिटल फोटो प्रोफेशनल ती चिठ्ठी पूर्ण वाचतं, म्हणून तिथे मोनोक्रोम मोनोक्रोमच उघडतो, फक्त एका क्लिकवर परत रंगीत होतो. लाइटरूम त्यातलं व्हाइट बॅलन्स तेवढं बघतं आणि बाकी स्वतःच्या प्रोफाइलने (रंगांच्या ठरलेल्या साच्याने) शिवतं. "कॅमेऱ्यात मस्त दिसत होता, कॉम्प्युटरवर फिका पडला" ही जी रड असते ती एवढ्यासाठीच. प्रोफाइलमध्ये जाऊन कॅमेरा मॅचिंगमधलं कॅमेरा स्टँडर्ड निवडलं की बरंच जवळ येतं, आणि लाइटरूम क्लासिकमध्ये 2020 पासून इम्पोर्टच्या वेळीच कॅमेरा सेटिंग्ज लागू कर असं सांगायची सोय पण आहे.

मला वाटलं झालं, म्हणजे दुसरी पार्टी बरोबर, काय पण ठेवा. तर तू हिस्टोग्राम (फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख, उजवीकडे सगळ्यात उजळ) दाखवलास, आणि माझ्यासाठी खरी गोष्ट ती होती. हिस्टोग्राम आणि ते लुकलुकणारे हायलाइट्स पण त्या जेपीईजीवरूनच काढलेले असतात. म्हणजे कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन चढवलं की झेंडूचा लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन धडकतो, कॅमेरा ओरडतो की जळालं, आणि रॉमध्ये मात्र अजून जागा शिल्लक असते. दिवसाउजेडी तर अजून गंमत, कारण व्हाइट बॅलन्स लावताना लाल चॅनलला गुणाकार करून वर उचललं जातं, बऱ्याच कॅमेऱ्यांत दुपटीच्या आसपास, त्यामुळे जेपीईजीत लाल फुटलेला असतो आणि सेन्सरवर तो आरामात बसलेला असतो. मग आपण घाबरून एक्सपोजर खाली ओढतो, सावल्या चिखल होतात, आणि घरी येऊन त्याच सावल्या वर खेचून नॉइज (रवाळ ठिपके) काढत बसतो. तू म्हणालीस न्यूट्रल ठेव, कॉन्ट्रास्ट खाली कर, हिस्टोग्राम रॉच्या जवळ येईल. पूर्ण रॉचा नाही होणार पण खोटं कमी बोलेल. हळदीच्या कार्यक्रमाला, पिवळ्यावर पिवळं आणि वरून गच्चीतलं ऊन, ह्या एका गोष्टीने माझे किती फोटो वाचले ते मलाच माहिती.

म्हणजे सेटिंग रॉला हात लावत नाही, पण सेटिंग बघून आपण जे बटण फिरवतो ते रॉमध्ये कायमचं जातं. दोन्ही पार्ट्या ह्या जागी गप्प झाल्या.

मग तू जी चोरवाटेने रॉच्या आत शिरणारी मंडळी सांगितलीस ती वेगळीच. कॅननचं हायलाइट टोन प्रायोरिटी, उजळ भाग वाचवायचं सेटिंग, आयएसओच्या शेजारी डी प्लस दिसतं ते. ते चालू केलं की कमीत कमी आयएसओ 200 होतो कारण कॅमेरा मुद्दाम रॉमध्येच एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) कमी रेकॉर्ड करतो आणि मग जेपीईजीत मधले टोन वर उचलतो. फुजीचं डीआर 200, डीआर 400 पण त्याच जातीचं, एक आणि दोन स्टॉप. काही सॉफ्टवेअर हे ओळखून फोटो परत उजळ करतात, काही करत नाहीत, पण सावलीतला नॉइज कुठेही जात नाही. निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग ऑटो एक्सपोजरमध्ये एक्सपोजरच थोडं खाली आणू शकतं. आणि लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन तर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची अजून एक काळी फ्रेम काढून वजा करतं, म्हणून मरीन ड्राइव्हला रात्री तीस सेकंदांचा फोटो काढला की पुढची तीस सेकंद कॅमेरा घेऊन नुसतं उभं राहायचं. उलट कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर (फोटोचा उजेड-कॉन्ट्रास्ट आपोआप सुधारणारं) ज्याला सगळे घाबरतात ते बिचारं चिठ्ठीतलंच. मेन्यूत ही सगळी शेजारी शेजारी बसलेली असतात, नावंही सारखीच गोड, कुठलं आतलं कुठलं बाहेरचं मॅन्युअल वाचून पण पटकन कळत नाही.

आणि एक कबूल कर, न्यूट्रलमध्ये नवरीच्या मावशीला मागची स्क्रीन दाखवली की तिचं तोंड पडतं. हे तू आधीच ओळखलं होतंस. "पोर्ट्रेट सेव्ह करून ठेव एका बटणावर, मावशी आली की बदलायचं, फोटो काढून दाखवायचा, गेली की परत न्यूट्रल." ही आयडिया कुठल्या कोर्समध्ये फी भरून मिळाली नसती. तसंच काळ्या-पांढऱ्यात बघून फ्रेम लावायची सवय पण तुझीच, पावसात स्टेशनबाहेर छत्र्यांची गर्दी असते तेव्हा रंग नसले की उजेड कुठून येतोय ते आधी दिसतं, आणि रंग तर रॉमध्ये आहेतच, क्लायंटने मागितले तर देऊ.

थँक्यू ह्याचंच की तू उत्तर दिलं नाहीस, फायली शेजारी शेजारी उघडून दिल्यास. सीनियर लोकं सेटिंग्ज सांगतात, "हे ठेव" म्हणून, का ते सांगत नाहीत, बहुतेकांना विचारलेलंच आवडत नाही. तुला दहावेळा विचारलं तरी तू फक्त चष्मा वर करतेस.

एक राहिलं. आपल्या नवीन पोराने कुठूनतरी युनिडब्ल्यूबीचं काढलंय, ते व्हाइट बॅलन्सचे गुणाकार जवळजवळ एकावर आणून ठेवायचे म्हणजे हिस्टोग्राम अजून खरा होतो. बरोबर आहे त्याचं, पण स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. मला तरी मांडवात मावशीला हिरवी नवरी दाखवायची हिंमत नाही, तू काय ते त्याला समजाव.

तुझा सेकंड शूटर