कुबडी हातात देणाऱ्या मुलाला

बाबू,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं. मे महिन्यातल्या दुपारी तुझ्या सेंटरवर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवायला आलेली साइड व्हीलची स्कूटर आठवते का? तीच मी.

त्याआधी प्लेट बसवणाऱ्या दुसऱ्या एका सेंटरवरून परत आले होते. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग! अपॉइंटमेंट होती, पैसे भरलेले होते. तिथल्याने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतरा, गाडी आत घ्यावी लागते." आत जायला तीन पायऱ्या. मग माझी कुबडी काढून पार काउंटरला टेकवून ठेवली. मी गाडीवर, कुबडी दहा हात लांब. अर्ध्या तासाने सांगतो, "हे साइड व्हीलवालं आमच्याकडे होत नाही. घरचं कोणी नाही का सोबत?" मी बत्तीस वर्षं नोकरी केली, मानेवाडा ते सीताबर्डी रोज एकटी गाडी चालवली. त्या दिवशी मात्र कुबडी मागताना आवाज रडवेला झाला.

म्हणून तुझ्याकडे आले ती भांडायच्या तयारीनेच. तू बाहेर आलास, गाडीभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "काकू, तुम्ही बसूनच राहा जी, उतरू नका." बाजूच्या चाकांचा लोखंडी दांडा मागच्या पाटीच्या आड येतो, हात घालायला जागा नसते. डोक्याचा दुपट्टा सोडून तू तापलेल्या सिमेंटवर अंथरलास आणि त्यावर पाठ टेकून खाली सरकलास. नागपूरच्या मे मध्ये डोक्यावरचा दुपट्टा सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल.

पण त्याच्याही आधीचं सांगायचंय. कुबडी मध्ये येत होती. तू विचारलंस, "हात लावू का?" मी हो म्हटल्यावर ती काढलीस आणि भिंतीला न टेकवता माझ्या हातात दिलीस. बस, एवढंच. पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते. तेव्हापासून किती जणांनी माझी कुबडी "बाजूला ठेवतो" म्हणून उचलून नेली असेल! माणूस बसला की त्याला पायांची गरज नाही असं लोकांना वाटतं. विचारून हात लावणारे मी बोटांवर मोजू शकते.

आणखी एक. जुन्या पाटीच्या कोपऱ्यात पेंटरने काढलेली व्हीलचेअरची खूण होती. इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी, टॅक्सीला पिवळी, आम्हाला वेगळा रंग नाही, सगळ्यांसारखी पांढरीच. ती खूण पाहूनच मागचा हॉर्न जरा दमाने वाजवायचा. नव्या पाटीवर कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, बाकी काही रंगवायची सोय नाही. मी काही बोलायच्या आत तूच विचारलंस, "काकू, याचं काय करायचं?" आणि शेजारच्या रेडियमवाल्याकडून स्टिकर आणून मडगार्डवर लावलंस. पैसे घेतले नाहीस.

(आरसीवर माझ्या गाडीचा वर्ग अजून 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगाची गाडी, असाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 'अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल' म्हणजे गरजेप्रमाणे बदललेली गाडी असं नाव आलं, माझ्या कागदावर जुनंच. तू ते वाचलंस आणि काहीच बोलला नाहीस, हेही लक्षात आहे.)

निघताना आरशात पाहिलं, तू दुपट्टा झटकून पुन्हा डोक्याला बांधत होतास. येत्या रविवारी तर्री पोहे घेऊन येते. सेंटर रविवारी उघडं असतं का, तेही विचारायचं राहिलं बघ.

तुझी,
स्कूटरवाली काकू