निविदेतला परवाना आणि बिनपगारी देखभाल

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

‘मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य’ (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला) हे वाक्य निविदेत आले की खर्च वाचला, असे धरले जाते. वाचलेला खर्च बहुतेकदा कुणा अनोळखी डेव्हलपरच्या रात्री खातो. किती खातो, ते बरेचसे परवान्यावर ठरते.

एमआयटी किंवा अपाची २.० परवान्याचा कोड कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा. मूळ सूचना आणि परवाना सोबत ठेवला, अपाचीत बदललेल्या फायलींवर तशी नोंद केली, की पुरे. सुधारणा परत देण्याचे बंधन नाही. म्हणून कंत्राटदार आपल्या प्रतीतला दोष दुरुस्त करतो आणि गप्प बसतो. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की ती दुरुस्ती पुन्हा बसवावी लागते. कंटाळून तो जुन्या आवृत्तीवरच थांबतो आणि सुरक्षेची भोके तशीच राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त स्रोत घटकातला दोष उघड झाला, तेव्हा जगभरच्या कंपन्यांसाठी धावपळ केली ती प्रामुख्याने स्वयंसेवकांनी.

जीपीएल हा परवाना मात्र बदललेल्या प्रोग्रामचा स्रोत कोडही त्याच परवान्याखाली देण्याचे बंधन घालतो. पण हे बंधन प्रत दुसऱ्याला दिली की लागू होते. सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकली तर नाही. ही फट एजीपीएल ३ या त्याच्या भावंड परवान्याच्या कलम १३ ने बुजवली: बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही स्रोत कोड मिळायला हवा. तरीही मिळतो तो कोड, पगार नव्हे. ‘एजीपीएल लावा, प्रश्न मिटला’ हे आम्हाला पटत नाही. एक्सझेड युटिल्स या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत २०२४ मध्ये चोरदरवाजा सापडला. थकलेल्या, एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवून तो घुसवला होता. तिथे कोणताही परवाना आडवा आला नसता.

तेव्हा निविदेतच लिहा. कंत्राटदाराने सर्व घटकांची यादी, आवृत्ती आणि परवान्यासह, एसपीडीएक्स किंवा सायक्लोनडीएक्स या अशा याद्यांच्या ठरलेल्या स्वरूपात द्यावी. दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवल्याचा दुवा दाखवल्याशिवाय शेवटचे बिल निघू नये. स्वीकारायच्या की नाही, हे प्रकल्प ठरवील. देखभालीसाठी वेगळे लेखाशीर्ष ठेवा, कारण विकासाच्या रकमेत मिसळलेला पैसा मूळ लेखकापर्यंत पोहोचत नाही. सरकारी प्रकल्पाला बाहेरून हातभार लावणाऱ्यांकडून स्वामित्वहक्क लिहून घेऊ नका, साइन-ऑफ, म्हणजे ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ अशी प्रत्येक बदलासोबतची सही, पुरेसा आहे. सगळे हक्क एका हाती गेले की परवाना पुढे एकतर्फी बदलता येतो.

आणि लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या, लेखकाला सुरक्षा-हमीची प्रश्नावली पाठवणे थांबवावे. ‘जसे आहे तसे, कोणतीही हमी नाही’ हे त्याने परवान्यातच लिहिलेले असते. हमी हवी असेल तर त्याच्याशी पैसे देऊन करार करावा.

आपले,
मुक्त स्रोत प्रकल्पांचे काही देखभालकर्ते