भिंतीच्या आत काय आहे ते लिहून ठेवायला लावणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

स. न. वि. वि.

लातूर, परभणी, बीड, जालना, नांदेड अशा गावांतून घरी बसून कोड लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र, घराची वायरिंग, अर्थिंग आणि कॉम्प्युटर नीट ठेवायला तुम्ही शिकवलंत त्यासाठी. आभार मानायचे तर नेमके कशाचे ते सांगूनच मानावेत, म्हणून पत्र जरा लांबलंय. उघडं लिहितोय ते यासाठी, की वाचून आणखी कुणाचं घर नीट झालं तर तेही तुमच्याच खात्यावर जमा व्हावं.

पहिले आभार झिणझिण्यांबद्दल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक करंट जाणवतो. वायरमन म्हणतो कॉम्प्युटर खराब, दुकानदार म्हणतो वायरिंग खराब. तुम्ही आम्हाला एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आतली फिल्टरची जागा दाखवलीत: फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून एकेक छोटा कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग चालू असेल तर तिथली गळती जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण कॉम्प्युटर ठीक आहे आणि घराची तिसरी तार मेली आहे, हे तो सांगत असतो. हे कळल्यावर कितीतरी चांगले एसएमपीएस बदलायचे वाचले.

मग तुम्ही अर्थिंग तपासायला शिकवलंत, आणि त्यातला धोकाही सांगितलात. दुसरं कुणी तो सांगत नाही. नुसतं मल्टीमीटर फेज आणि अर्थिंगमध्ये लावलं तर कुजक्या अर्थिंगलाही २३० दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. खरं काय ते १०० वॉटचा साधा बल्ब लावला की कळतं: फेज-न्यूट्रलवर जितका लख्ख पेटतो तितकाच फेज-अर्थिंगवर पेटला पाहिजे. मात्र अर्थिंग कच्चं असेल तर बल्ब लावल्याक्षणी घरातली अर्थिंगची सगळी हिरवी तार, आणि तिला जोडलेला फ्रिज, कूलर, गिझर, सगळ्यांत करंट येतो. म्हणून आधी सगळे प्लग काढायचे, घरच्यांना धातूपासून लांब उभं करायचं, आणि हे काम वायरमनच्या हातूनच करून घ्यायचं. आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की वीज तोडणारी खटकी, असेल आणि अर्थिंग तुटलेलं नसेल तर बल्ब लावताच ती पडते. ती पडलीच पाहिजे.

आपल्याकडची जमीन या बाबतीत अवघड आहे. वर काळी माती, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात काळी माती पाइपाला घट्ट धरून असते, चैत्रात तीच माती भेगाळून पाइपापासून सुटते आणि अर्थिंग कागदावरच उरतं. तुमची मापं आम्ही तशीच्या तशी वापरली: ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, लांबी अडीच मीटर, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. खडक लागला तर पाइप कापायचा नाही. तिरका पुरायचा, उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा एकेक बादली पाणी.

एवढं करूनही जास्त करंट गेला की पडणाऱ्या एमसीबीवर भरवसा का ठेवायचा नाही, हा हिशोब तुम्ही एका ओळीत मांडलात. अर्थिंग १० ओहमचं, म्हणजे आपल्या मानाने चांगलंच, धरलं तरी दोषाच्या वेळी २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जातात. १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्यावर लगेच पडत नाही, आणि तोवर लोखंडी कूलरचा पत्रा जिवंत राहतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र अर्थिंग ५०० ओहमचं असलं तरी पडते. उन्हाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरमध्ये पाणी भरणारी घरची माणसं आहेत, दादा. या एका हिशोबासाठी तुमचे आभार किती मानावेत ते कळत नाही.

आरसीसीबी बसवल्यावर ती सारखी पडते म्हणून ती काढून थेट जोडणी करणारे वायरमन आम्हीही पाहिलेत. तुम्ही कारण शोधायला लावलंत: बहुतेक वेळा नव्या खोलीचा फेज आरसीसीबीतून येतो आणि न्यूट्रल जुन्या बोर्डातून, आरसीसीबीला वगळून परत जातो. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, मग ती पडणारच. न्यूट्रल वेगळे केले की त्रास संपतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायची आठवणही तुमचीच.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. बॅटरी १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट-अवर वीज. त्यातली निम्मीच वापरायची, वर इन्व्हर्टर साधारण पाचवा हिस्सा खातो. उरतात ७२०. कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर मिळून २०० वॉट धरले तर साडेतीन तास. दुकानात सांगतात तो आकडा याहून बराच मोठा असतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज गेल्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो, म्हणून इन्व्हर्टरचा खटका झटकन बॅटरीवर जाणाऱ्या यूपीएस मोडवर हवा. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या आसपास उतरलं की तो बॅटरीवर जातो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावात व्होल्टेज रोजच तेवढं खाली येतं, आणि बॅटरी कधी पुरती भरतच नाही. अशा घरात आधी स्टॅबिलायझर लावा, मग यूपीएस मोड, हा क्रम तुम्ही लिहून दिलात. बॅटरीत बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्डच घाला, हेही ठळक अक्षरात.

जुन्या घरांबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरातली भिंत दोन-अडीच फूट जाड असते, पण ती एकसंध नसते: दोन बाजूंना दगड, मध्ये माती आणि ठिकऱ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं कोसळली. त्या भिंतीत कटरने झिरी पाडायची नाही, हॅमर मोडमध्ये ड्रिल चालवायचं नाही. वायरिंग वरून, केसिंग-पट्टीतून. लॅन केबल भिंतीतून न नेता चौकटीच्या लाकडातून छिद्र पाडून न्यायची, आणि विजेच्या तारेला ती ओलांडायचीच असेल तर काटकोनात. देवळीत राउटर छान दिसतो, पण तीन बाजूंनी दगड असल्याने सिग्नल समोर तेवढा जातो. ढाळजेत (दाराजवळच्या बैठकीत) एक आणि आतल्या खोलीत एक, दोन्ही केबलने जोडलेले, हेच खरं. केबल घेताना टोक खरवडून बघायचं: आत चांदीसारखा रंग निघाला तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, पुन्हा पुन्हा वाकवलं की आत तुटतं. आणि गोठ्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका, वळवाच्या विजांत ती राउटरसकट जाते, तिथे फायबर.

आता कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाच्या कागदपत्रांबद्दल. मॅन्युअल वाचायच्या आधी बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर वाचा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये बायोसची (बोर्डाच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची) फाइल वेगळी असू शकते. दुसरी एम-डॉट-टू (बोर्डावरच बसणारी छोटी डिस्क) लावल्यावर जुनी हार्डडिस्क गायब झाली तर ती बिघडली असं लगेच समजू नका. बऱ्याच बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट (जुन्या डिस्क जोडायच्या जागा) बंद होतात, आणि हे मॅन्युअलच्या तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार-स्लॉट बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मॉड्युलर एसएमपीएस बदलला तर जुन्या केबली त्याला कधीच लावायच्या नाहीत: खाच बसते, पण आतला तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जाऊन डिस्क जळतात.

सगळ्यात जास्त आभार तुम्ही ठेवायला लावलेल्या घराच्या वायरिंगच्या वहीचे. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, त्यात जमिनीपासून वर धरलेला टेप दिसला पाहिजे. प्रत्येक एमसीबीला नंबर, आणि त्या नंबरसमोर कोणती खोली, किती स्क्वेअर एमएमची वायर: दिव्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५, एसीला ४. बॅटरी भरल्याची तारीख, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतल्याची तारीख. आणि तुमचा तो शेवटचा रकाना, ‘का’. पॉवर सॉकेटची वायर २.५ ची का घेतली, पाइप तिरका का पुरला, हे सगळं तिथे. आम्ही कोडमध्ये कारणं लिहितो, घराची कारणं मात्र वायरमनबरोबर निघून जात होती. वहीची एक छापील प्रत डीबीच्या (सगळ्या एमसीबी असलेल्या पेटीच्या) झाकणात ठेवायला तुम्ही लावलीत, कारण वीज गेल्यावर कॉम्प्युटरमधली फाइल उघडत नाही.

एक विनंती आहे. तुमच्या नमुना वहीत न्यूट्रल तुटण्याचं पान नाही. खांबावर न्यूट्रल सुटला की एका घरात दिवे मंद होतात आणि शेजारच्या घरात ३०० च्या वर व्होल्टेज चढतं. तिथे आरसीसीबीही पडत नाही आणि एमसीबीही. जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले मेन स्विचनंतर कुठे आणि किती आकड्यांवर लावायचा, याचं एक पान तुमच्या हातचं हवं आहे. आम्ही सध्या २६० ला तुटेल असा लावलाय. तुमचा आकडा कळला की दुरुस्त करू.

आपले,
मराठवाड्यातून घरी बसून काम करणारे प्रोग्रॅमर